बुधवारची प्रार्थना सभा, उत्तर नागपूर – रिव्ह्यू (मोठा आहे, पण वाचा)

हॉटेलचे, कूलरचे, मोबाईलचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, प्रार्थना सभेचा कोणी लिहीत नाही. पण नागपुरात बदली होऊन आलेले किती तरी ख्रिस्ती लोक विचारत असतात की रविवारची उपासना तर आहेच, पण आठवड्याच्या मधात कुठे जायचं जिथे खरंच प्रभूची ओढ वाढेल, म्हणून लिहून राहिले. चर्चचं नाव टाकत नाही, पाळक साहेबांना जाहिरात आवडत नाही. मेट्रोने कडबी चौकाला उतरायचं, तिथून ऑटो, जुन्या वस्तीत आहे, ज्याला यायचं आहे त्याने आपल्या मंडळीतल्या कोणालाही विचारावं, पत्ता मिळतो.

जागा साधीच आहे. चर्चच्या मागे पत्र्याचा हॉल, खाली सतरंज्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या. माईक नाही, कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही. एक ढोलकी, एक टाळाची जोडी, आणि ढोलकी वाजवणारे काका ज्या दिवशी ड्युटीवर असतात त्या दिवशी नुसत्या टाळ्या. लोक गोल करून बसतात, त्यामुळे मागे लपायला जागाच नसते, पहिल्या वेळी थोडं अवघड वाटतं हे खरं. वेळ संध्याकाळी 7 ते साडेआठ, आणि साडेआठला संपतेच, ही मोठी गोष्ट आहे, ज्यांनी आपल्याकडच्या सभा बघितल्या त्यांना कळेल.

आता मुद्द्याचं. सभा चांगली की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते, तिथून निघताना ख्रिस्ताबद्दलचं प्रेम तापलेलं असतं की नाही. गाणी किती सुंदर झाली, संदेश किती अभ्यासपूर्ण होता, किती लोक आले हे सगळं नंतरचं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात, इफिसच्या मंडळीला प्रभू काय म्हणतो ते वाचा एकदा. त्या मंडळीत काय नव्हतं? कष्ट होते, धीर होता, खोटे प्रेषित पारखून बाहेर काढायची अक्कल होती, नावासाठी सोसलेलं होतं. आजच्या कोणत्याही चर्चच्या वार्षिक अहवालात एवढं असलं तर आपण टाळ्या वाजवू. आणि तरी प्रभू म्हणतो की तू पहिली प्रीती सोडलीस. मला हे वाक्य दरवेळी हलवून टाकतं, कारण आपल्या नागपूरच्या मंडळ्यांकडे तर सांगायला केवढं आहे, स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप साहेब 1845 मध्ये इथे आले आणि 1863 मध्ये टाकळघाटजवळ नदीत वाहून गेले तोवर इथलेच होऊन राहिले, त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून उभं आहे, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे आपलं सीएनआय 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र येऊन ह्याच शहरात जन्माला आलं. अभिमान आहेच, मलाही आहे. पण एवढ्या वर्षांच्या इतिहासाने आज संध्याकाळी माझं मन प्रभूकडे वळत नाही, त्यासाठी आजच काहीतरी करावं लागतं.

ते काहीतरी ही सभा करते. चालवणाऱ्या ताई मिशन हॉस्पिटलातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या आहेत, आवाज हळू पण बोलणं एकदम नेमकं. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी बायबलच्या लेवीय पुस्तकातला सहावा अध्याय समजावला होता, तो अजून डोक्यात आहे. वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही ही आज्ञा आपण सगळ्यांनी ऐकलेली, संजीवन सभेच्या, म्हणजे विश्वास नव्याने जागवायच्या मोठ्या सभेच्या, बॅनरवर पण छापतात. पण त्याच्याच आजूबाजूला लिहिलंय की याजकाने तागाची वस्त्रं घालून आधी राख काढायची, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर नेऊन टाकायची, आणि रोज सकाळी नवी लाकडं रचायची. अग्नी तर परमेश्वराकडूनच आला होता, नवव्या अध्यायात आहे ते, माणसाने पेटवलेला नव्हताच. तरी लाकडं आणायचं आणि राख उचलायचं काम देवाने माणसाकडेच ठेवलं. ताईंचं म्हणणं असं की मंडळीत आपण अग्नीसाठी खूप रडून प्रार्थना करतो आणि राख मात्र वर्षानुवर्षं तशीच साचू देतो.

राख म्हणजे काय हे सभेत प्रत्यक्ष दिसतं. साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, वेळ आली की आपल्याकडे काय होतं माहीत आहे, तीच साक्ष, 1990 च्या आसपासची, तोच अपघात, तेच स्वप्न, तेच अश्रू, आणि देवाने खरंच केलेलं असतं ते, खोटं नाही काहीच. पण इथे कोणी ते सुरू केलं की ताई अगदी प्रेमाने म्हणतात, "दादा, फार मोठं काम केलं प्रभूने तेव्हा, आम्ही स्तुती करतो. आता ह्या आठवड्यातलं सांगा." बस एवढंच. आणि मग शांतता होते, कारण ह्या आठवड्यातलं सांगायचं म्हणजे ह्या आठवड्यात प्रभूसोबत काही झालेलं असायला पाहिजे ना. एकदा एका काकांनी दोन-तीन मिनिटं विचार करून सांगितलं की काहीच नाही झालं ताई, आठवडा कोरडा गेला. कोणी उपदेश केला नाही. शेजारच्या भावाने त्यांचा हात धरला आणि तिथेच प्रार्थना केली. पुढच्या बुधवारी ते काका आपणहून पहिले बोलले, पहाटे उठून योहानाचा पंधरावा अध्याय वाचत होतो म्हणाले, माझ्यामध्ये राहा हे शब्द आले तिथून पुढे वाचताच आलं नाही. त्यांचा चेहरा बघायला पाहिजे होता.

ही पद्धत काही ताईंनी शोधलेली नाही, मेथडिस्ट लोकांना लगेच ओळखीची वाटेल. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली ह्यांच्या वेळी इंग्लंडात साधारण बारा जणांचे छोटे गट दर आठवड्याला जमायचे आणि प्रत्येकाला तुझ्या जिवाचं कसं चाललंय असं थेट विचारलं जायचं. गंमत म्हणजे 1742 मध्ये ब्रिस्टलला हे गट सुरू झाले ते इमारतीचं कर्ज फेडायला, माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायची म्हणून घरोघरी जायचे, आणि घरोघरी गेल्यावर कळलं की लोकांच्या आत्मिक जीवनाची काय स्थिती आहे, मग पैशापेक्षा ती विचारपूसच मुख्य होऊन गेली. आपल्याकडे पैसे गोळा करायची यंत्रणा एकदम पक्की आहे, विचारपुशीची कुठे गेली हा प्रश्न प्रत्येक चर्चच्या पंचायत कमिटीने घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दुसरा भाग वचनाचा. शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचा, एक अध्याय, एकेकाने एकेक वचन मोठ्याने वाचायचं, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी शेजारचा वाचतो. मार्कचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं, म्हणजे चार महिन्यांत होतं. फक्त येशूबद्दलचंच वाचायचं, तो काय बोलला, कोणाला शिवला, कोणावर रागावला. संदेश नाही, पाच-सहा मिनिटं समजावणं आणि मग मोकळं बोलणं. सुरुवातीला मला हे फारच साधं वाटलं होतं, पण अम्माऊस गावाच्या वाटेवर त्या दोन शिष्यांचं अंतःकरण कधी पेटलं तर येशू शास्त्र उलगडत होता तेव्हा, लूक 24, म्हणजे साधं असलं तरी रीत त्याचीच आहे.

मार्कचा चौदावा अध्याय होता त्या दिवशीचं सांगते. बेथानीतली बाई, जटामांसीच्या सुगंधी तेलाची कुपी फोडते आणि सगळं येशूच्या मस्तकावर ओतते. लोक कुरकुरतात की ही नासाडी कशाला, तीनशे दीनारांहून जास्त आले असते. आता एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुरांना तेवढाच ठरवलेला आहे. हे ताईंनी सांगितल्यावर आमच्यात एक मावशी आहेत, चार घरी स्वयंपाक करतात, त्या बोटांवर मोजायला लागल्या. महिन्याचे किती, बारा महिन्यांचे किती. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर काहीच नाही खाल्लं तर." आणि मग थोड्या वेळाने, "तिला काही कमी नाही पडलं वाटते, तिला येशू होता ना समोर." मी त्या वचनावर किती तरी संदेश ऐकले आहेत, मोठमोठ्या वक्त्यांचे, पण कोणी असं बोटांवर मोजून दाखवलं नव्हतं. त्या रात्री प्रार्थनेत कोणी काही मागितलंच नाही, नुसती स्तुती चालली होती, आणि कोणी ओरडत नव्हतं.

संजीवन सभांशी तुलना लोक करतात म्हणून लिहिते. मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही, थंडीच्या दिवसांत मैदानावर होतात त्या सभांमध्ये किती तरी जणांचं जीवन बदललेलं मी डोळ्याने बघितलंय. पण तिथे आलेला आवेश पंधरा दिवसांनी कुठे जातो हे पण बघितलंय. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे संजीवन झालं त्याबद्दल आपण कौतुकाने बोलतो, जूनमध्ये पवित्र आत्म्याने कसा वर्षाव केला वगैरे, पण त्या वर्षाच्या सुरुवातीपासूनच तिथे रोज जमून प्रार्थना चालली होती हे कोणी सांगत नाही. जर्मनीत हर्नहुटला मोरावियन पंथाच्या लोकांनी 1727 मध्ये आळीपाळीने रात्रंदिवस प्रार्थना सुरू केली ती शंभर वर्षं चालली, आणि तिथूनच मिशनरी जगभर गेले. मोठ्या सभेला जा, नक्की जा, पण परत आल्यावर बुधवारी बसायला एक सतरंजी पाहिजे.

अजून एक आवडलेली गोष्ट म्हणजे प्रार्थनेची वही. साधी लांब वही, तीन रकाने, तारीख, विनंती, आणि तिसरा रकाना उत्तराचा. दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी वाचून दाखवतात. काही ठिकाणी "मिळालं" लिहिलंय, काही ठिकाणी "नाही मिळालं, पण शांती आहे", आणि एका जागी नुसतं "प्रभूजवळ गेले" आणि तारीख. उत्तर नाही आलं तर रकाना रिकामाच ठेवतात, ओढूनताणून साक्ष बनवत नाहीत. हा प्रामाणिकपणा मला विश्वासाचंच लक्षण वाटतो.

आता कमी काय आहे ते पण सांगायला पाहिजे. मे महिन्यात तो पत्र्याचा हॉल म्हणजे भट्टी, पारा 45 च्या वर असतो तेव्हा संध्याकाळी 7 ला पण भिंती गरम असतात, एकच कूलर आहे आणि तो चालला की वाचन ऐकू येत नाही. उन्हाळ्यात अंगणात बसवा असं मी बोलले आहे, बघू. दुसरं, तरुण मुलं फार कमी. ती वाईट नाहीत, नीट-जेईईचे क्लासेस रात्री आठपर्यंत चालतात तर येतील कशी, त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा रविवारी दुपारी अशीच सभा ठेवली तर भरेल याची मला खात्री आहे, कारण जी दोन-तीन येतात ती प्रश्न फार चांगले विचारतात. आणि तिसरी तक्रार जरा खोलची आहे. ताई नसल्या की साक्षी हळूहळू घसरतात, नोकरी लागली, फ्लॅट मिळाला, मुलीचं व्हिसाचं काम झालं, सगळं देवाचंच देणं आहे आणि उपकार मानायलाच पाहिजेत, पण तासभर तेच ऐकलं की देणारा कोण होता हे बाजूला राहतं. ताईंनी दोन-तीन जणांना तयार करायला पाहिजे, एकाच माणसावर सभा उभी राहणं बरं नाही. एका बंधूंच्या प्रार्थना फार लांब होतात हे पण आहे, पण ते मनापासून करतात, त्यामुळे मी तक्रारीत धरत नाही.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार. अर्धा कूलरसाठी आणि तरुणांसाठी कापला.

कोणी जावं? ज्यांना रविवारी सगळं व्यवस्थित होऊनही आत काहीतरी निवल्यासारखं वाटतं त्यांनी नक्की. कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल सगळे येतात, कोणी कोणाला आपल्या चर्चमध्ये ओढत नाही, तो नियमच आहे. ज्यांना दमदार आराधना आणि बँड पाहिजे त्यांना सुरुवातीला सुनं वाटेल, तरी महिनाभर बघा आणि मग ठरवा.

बुधवारी दान गोळा करत नाहीत. बायबल विसरलात तर दारापाशी टेबलवर जास्तीच्या प्रती असतात, मोठ्या अक्षरांच्या पण आहेत. सभेनंतर चहा आणि चिवडा, आणि थांबाच, खरी ओळख तिथेच होते. गाडी गल्लीत लावू नका, समोरच्या घरी आजारी आजी आहेत, अँब्युलन्सला यायला वाट मोकळी पाहिजे, चर्चच्या कंपाउंडमध्ये आत लावा. सध्या लूक चालू आहे, सातवा अध्याय ह्या बुधवारी.