दारात ताम्हण लावावा की बहावा?

मे महिन्यात जांभळा ताम्हण आणि पिवळाधमक बहावा एकाच वेळी फुललेले दिसतात आणि मन ठरत नाही. मी रंगावरून ठरवलं होतं. कोल्हापुरात पंचगंगेच्या अंगाला, काळ्या मातीच्या सखल जागेत बहाव्याचं रोप लावलं. पहिल्याच जुलैत आळ्यात पाणी तुंबलं, मुळं कुजली आणि रोप गेलं. म्हणून सांगतो, आधी दोन फूट खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघा.

पाणी तसंच साचलेलं दिसलं तर ताम्हण लावा. हे झाड मूळचं ओढ्या-नद्यांच्या काठचं, त्यामुळे काळ्या रानातली ओल त्याला मानवते. (अगदी कोवळं रोप पुराखाली बुडालं तर मात्र तेही वाचवणं अवघड.) ओलीची ही आवड उन्हाळ्यात आपल्याला निस्तरावी लागते. पहिले दोन उन्हाळे तीन-चार दिवसांआड पाणी द्या आणि आळ्यात उसाचं पाचट जाड अंथरा, ओल टिकते.

कोल्हापुरातल्याच सागरमाळासारख्या उंचावर किंवा मुरमाड जागेत पाणी तासाभरात जिरतं. तिथे बहावा. पहिला उन्हाळा आठवड्याला एकदा भरपूर पाणी दिलं की पुढे तो स्वतःचं बघतो. खत-पाण्याचे फार लाड केले तर नुसता पाला वाढतो. बी लावणार असाल तर त्याचं कठीण कवच सँडपेपरवर घासून रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर ते महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. बियांपासून फूल यायला सहा-सात वर्षं धरून चाला.

सावलीचा हिशेब फारसा कुणी करत नाही, आणि मला तो रंगाहून महत्त्वाचा वाटतो. बहावा फुलतो तेव्हा त्याच्यावर पान जवळजवळ नसतंच, म्हणजे ऐन मे महिन्यात दारात ऊन. ताम्हणाची पानं थंडीत तांबूस होऊन गळतात, पण फुलं येईपर्यंत नवी पालवी दाट झालेली असते. पश्चिमेच्या उन्हानं तापणाऱ्या भिंतीसाठी मी डोळे झाकून ताम्हण सांगेन. त्यातून तो आपलं राज्यपुष्प, आणि १ मेच्या सुमारास बहरात असतो!

छाटणीचं गणित मात्र उलटं आहे. ताम्हणाला फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत छाटा. बहाव्याचे घोस जुन्या फांद्यांवरून लोंबतात. त्याला कात्री फुलोरा ओसरल्यावरच लावा. बहाव्याची पानं पिवळट फुलपाखरांच्या अळ्या खातात. फवारणी करू नका, पाऊस लागला की पालवी पुन्हा येते. हात-दीड हात लांबीच्या काळ्या शेंगा अंगणात पडतात, तेवढं झाडणं आलं.

गुलमोहर घराजवळ नकोच. वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात आणि वरवर पसरणारी मुळं फरशी उचलतात.

दोन्हींपैकी काहीही लावा, भिंतीपासून निदान दहा-बारा फूट सोडा आणि वर विजेच्या तारा नाहीत ना, हे बघा. रोप जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर लावा. सोबत बांबूचा आधार द्या, आणि बुंध्याशी माती थोडी उंच ठेवा, म्हणजे जुलैच्या झडीत पाणी खोडापाशी थांबत नाही.