सिव्हिक टाइप आरला ऑइल कूलर आणि मोठा रेडिएटर: उन्हाळा-हिवाळा वापरल्यानंतर

गाडी २०१८ची होंडा सिव्हिक टाइप आर, म्हणजे एफके८ या सांकेतिक नावाची पिढी. दोन लिटरचं टर्बो इंजिन, ३०६ अश्वशक्ती. मी कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहतो. रोज हीच गाडी ऑफिसला नेतो आणि जमेल तेव्हा थंडरहिल किंवा लगुना सेकाच्या रेसिंग ट्रॅकवर. ऑइल कूलर (इंजिनाचं तेल थंड करणारा) आणि जाड कोअरचा, म्हणजे जाड मधल्या जाळीचा, रेडिएटर बसवल्यावर एक अख्खा उन्हाळा आणि एक हिवाळा गाडी चालवली, म्हणून आता खात्रीने लिहितोय.

या गाडीचं दुखणं तिच्या मालकांना पाठ असतं. रस्त्यावर कितीही पिळा, काही होत नाही. ट्रॅकवर मात्र उन्हाच्या दिवशी तीन-चार लॅप जोरात मारल्या की पाण्याचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचं, तापमान चढत जातं, आणि मग इंजिन आपणहून ताकद आवरतं घेतं. थंडरहिल हे सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात, विलोज गावाच्या पश्चिमेला. तिथे जुलैत ४० अंश म्हणजे नेहमीचंच.

कारण गाडीच्या रचनेतच आहे. या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतून निघणारा गरम धूर गोळा करणारा भाग) वेगळा नाही, तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि त्याच्याभोवती कूलंट फिरतं. म्हणजे एक्झॉस्टची बरीच उष्णता थेट पाण्यात. कंपनीचा ऑइल कूलर आहे, पण तोही पाण्यावर चालणारा, त्यामुळे तेलाची उष्णताही त्याच पाण्यात. आणि एवढं सगळं निस्तरायचं ज्या रेडिएटरने, त्याच्या पुढे एसीचा कंडेन्सर आणि खालच्या बाजूला टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर. त्याला मिळते ती आधीच तापलेली हवा. खुद्द होंडाने २०२०च्या मॉडेलमध्ये ग्रिलचं तोंड १३ टक्क्यांनी मोठं केलं, रेडिएटरच्या फिन्स (उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) बदलल्या आणि ट्रॅकवर कूलंट १० अंशांपर्यंत थंड राहील असं सांगितलं. माझी गाडी त्याआधीची.

मी सगळं एकदम बसवलं नाही, आणि हेच मी प्रत्येकाला सांगतो. एक बदल करा, तशाच उन्हात ट्रॅकवर जाऊन आकडे बघा, मगच पुढचा. नाहीतर पैसे कशावर सार्थकी लागले ते कधीच कळत नाही.

आधी ऑइल कूलर. ऑइल फिल्टर आणि इंजिनाच्या मधे थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट (तेल कूलरकडे वळवणारी चकती; तेल गरम झालं की थर्मोस्टॅट वाट उघडतो), तिथून दहा नंबरच्या एएन फिटिंगच्या (नळी जोडायच्या धातूच्या जोडांच्या) जाळीदार नळ्या, आणि बंपरच्या कोपऱ्यात, हवेच्या वाटेवर २५ ओळींचा सेट्रॅब कंपनीचा कूलर. सँडविच प्लेटमध्ये तेलाच्या तापमानाचा सेन्सर लावायला जागा असते, ती वापराच. आधी ३७-३८ अंशांच्या दुपारी तेल १४० पर्यंत जायचं. कूलर लावल्यावर तशाच दुपारी ते १२० च्या आत थांबलं. मला खरा आनंद झाला तो पाण्याचा आकडा बघून. तेलाचा भार उतरल्यामुळे कूलंटही चार-पाच अंशांनी खाली आलं होतं.

मग रेडिएटर. प्लॅस्टिकच्या टाक्यांचा कंपनीचा काढून पूर्ण ॲल्युमिनियमचा, वेल्ड केलेला, जाड कोअरचा बसवला. बसला व्यवस्थित, पण फरक पडला जेमतेम दोन-तीन अंशांचा. एवढ्या पैशांत एवढंच?

उत्तर हवेच्या वाटेत होतं. रात्री गॅरेजमधला दिवा बंद केला, ग्रिलच्या तोंडातून टॉर्च मारला आणि बॉनेट उघडून मागून पाहिलं. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंनी आणि वरच्या पट्टीखालून उजेडाच्या रेघा दिसत होत्या, एके ठिकाणी तर बोट जाईल एवढी फट. हवा आळशी असते, दाट फिन्समधून घुसण्यापेक्षा ती बाजूने निसटणार. जिथे जिथे उजेड दिसला तिथे पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट केला आणि कडांना उष्णता सोसणारा दाट फोम चिकटवला. सामान किरकोळ किमतीचं, मेहनत एका शनिवारची. पुढच्या वेळी कूलंट आणखी चार अंश खाली. पूर्वी जिथे ११३ दिसायचे, तिथे आता वीस मिनिटांचं पूर्ण सेशन १०२-१०३ वर निघतं आणि इंजिन शेवटच्या लॅपलाही पूर्ण जोर देतं. आत आलेली हवा बाहेर पडणंही तितकंच महत्त्वाचं. २०२३च्या टाइप आरला होंडाने बॉनेटवरच झरोका दिला आहे, तो उगीच नाही.

आता त्रासाच्या गोष्टी. किटमधल्या एका नळीच्या टोकातून पहिल्याच गरम सेशननंतर तेल पाझरू लागलं. विक्रेत्याने नळी बदलून दिली, पण बऱ्याच ईमेलनंतर. तेल टर्बोच्या आसपास पडलं तर आग लागू शकते, म्हणून बसवल्यावर पहिले काही दिवस रोज खाली वाकून बघा. नळ्या जिथे पत्र्याला घासतील तिथे रबरी वेष्टण हवंच. नवा रेडिएटर भरताना हवेचा बुडबुडा राहिला तर आकडे वेडेवाकडे नाचतात. व्हॅक्यूमने भरून घेतलं तर ही कटकट टळते.

हिवाळ्यात सकाळी तेल तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडतो, पण बंद असतानाही थोडं तेल कूलरकडे जातंच. थर्मोस्टॅट नसलेली स्वस्त प्लेट घेऊच नका. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यातलं थोडं तेलात उतरतं, आणि तेल नीट तापलं नाही तर ते आणि ओलावा तिथेच मुरतात.

पुण्याचे मित्र विचारतात, आमच्या टर्बो गाड्यांना हे लावावं का? फक्त रस्त्यावर चालवत असाल तर नको. मे महिन्यात भरल्या गाडीने कसारा घाट चढलात तरी चांगल्या स्थितीतली कंपनीची यंत्रणा पुरते. ताजं कूलंट, चालू असलेले पंखे आणि साफ फिन्स एवढं बघा. ट्रॅकवर जाणार असाल तर माझा क्रम असा: आधी फटी बंद करा, मग ऑइल कूलर, आणि तरीही कमी पडलं तरच रेडिएटर.

अमेरिकेतल्यांसाठी एक गोष्ट. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्या भागामुळे झाला हे दाखवावं लागतं. तरीही पावत्या आणि फोटो जपून ठेवा.

देखभाल म्हणाल तर कूलरच्या पुढे जाळी लावा. आय-५ महामार्गावरून एकदा जाऊन आलं की फिन्समध्ये किडे आणि खडे अडकतात. मी दर ट्रॅक डेनंतर मागच्या बाजूने, साध्या पाइपच्या हलक्या धारेने धुतो. प्रेशर वॉशर लावला की फिन्स आडव्या झाल्याच समजा.