लिनक्स बसलं होतं, फॉरमॅट न मारता उठवून दिलं (जुळे सोलापूर)

दुकानाला धड बोर्ड नाही, लॅपटॉप-प्रिंटर रिपेअर एवढंच लिहिलेला उन्हानं पांढरा पडलेला फ्लेक्स आहे. तरी पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा का कापला ते खाली.

आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, हिशेब सगळा जुन्या लॅपटॉपवर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून भाच्यानं त्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून दिलं, चाललं पण छान. परवा अपडेट लावलं आणि मधेच लाईट गेली, बॅटरी तर कधीचीच मेलेली. परत चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टीमचा गाभा (कर्नल) चालू होतानाच अडकला, रूट माउंट होत नाही म्हणे, म्हणजे सिस्टीम असलेला डिस्कचा भाग उघडेना. आधी दुसऱ्या एका दुकानात नेलं, त्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि हार्ड डिस्क गेली, नवीन घालून विंडोज टाकू म्हणाला. डेटाचं काय? तर नुसती मान हलवली.

मग इथं आलो. या पोरानं बटण दाबायच्या आधी त्या स्क्रीनचा फोटो काढला, तिथंच मला बरं वाटलं. म्हणाला, "काका, डिस्क गेली असती तर असं बोलली नसती." मग ग्रबच्या (लॅपटॉप चालू होताना काय सुरू करायचं ते निवडायच्या) मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून मागचा कर्नल निवडला, तो निघाला की! लॉगिन स्क्रीन आली नाही, पण कंट्रोल-अल्ट-एफ थ्री दाबून काळ्या टर्मिनलात शिरला आणि डिस्कची स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) दाखवली, खराब सेक्टर शून्य. नंतर डीएफ (किती जागा भरलीय ते दाखवणारी कमांड) मारलं तर बूट पार्टिशन, म्हणजे चालू व्हायच्या फाईली असतात तो डिस्कचा कप्पा, १०० टक्के भरलेलं. मी आपला लाईटीला शिव्या घालत होतो आणि खरी गोम ही होती. भाच्यानं एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय डिस्क उघडत नाही असं कुलूप) टाकलेलं, त्यामुळं बूटचं वेगळं पिटुकलं पार्टिशन झालं, त्यात जुने कर्नल साचत गेले आणि नव्या कर्नलची इनिट-आरडी फाईल (चालू होताना डिस्क उघडायला कर्नलला लागते ती) बनायला जागाच उरली नाही, ती नाही म्हणून पॅनिक. लाईट गेल्यानं बाकीची पॅकेजं अर्धवट राहिली ती वेगळीच.

जुने कर्नल काढायच्या आधी यू-नेम मारून सध्या कशावर चाललोय ते बघितलं, नाहीतर बसलोय तीच फांदी तोडायची. सगळ्यात जुन्याची इनिट-आरडी दुसरीकडं हलवून जागा केली, मग अर्धवट पॅकेजं पुरी करायला डीपीकेजी कन्फिगर, जुने कर्नल काढायला ऑटोरिमूव्ह, इनिट-आरडी परत बनवायला अपडेट-इनिटरामएफएस आणि मेनू नवा करायला अपडेट-ग्रब. प्रत्येक वेळी आलेला मेसेज वाचून मगच पुढची कमांड, घाई नाही. मिंटच्या अपडेट मॅनेजरात जुने कर्नल आपोआप काढायची सेटिंग असते, तीपण चालू करून दिली.

४०० रुपये घेतले. फाईल एकही गेली नाही, मार्चचं जीएसटीचं शीटसुद्धा जसंच्या तसं.

आता अर्धा स्टार. फोन उचलत नाही, बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतो आणि बसायला एकच स्टूल, त्यावर प्रिंटर. तीन तास उभा होतो ओ मी! आणि जाताना एन्क्रिप्शनचा पासवर्ड लक्षात ठेवून जा, त्याशिवाय तो काहीच करू शकत नाही. माझा भाच्याकडंच होता, तो पुण्यात ड्युटीवर, त्यातला एक तास त्याचा फोन लागण्यातच गेला.