दारावरचा त्रिकोण

मी फसले ती काचेच्या दारापाशीच. दारावर जेवणाच्या ताटाएवढा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, त्रिकोणी लोगो चिकटवलेला होता आणि खाली सोनेरी अक्षरांत 'हॉलमार्क दागिन्यांचे अधिकृत विक्रेते' असं लिहिलेलं. हॉलमार्क म्हणजे दागिन्याच्या शुद्धतेचा शिक्का. आत शिरण्याआधीच माझी निम्मी तपासणी झाली होती म्हणा ना. सरकारचं चिन्ह दारावर आहे म्हणजे कोणीतरी बघून गेलं असणार, असं मी धरून चालले.

तीस ग्रॅमच्या पाटल्यांचा जोड. किती वर्षांची भिशी आणि किती दिवाळ्यांचा बोनस त्यात गेला ते सांगत बसत नाही. घेताना मी अगदीच बावळटासारखी वागले नाही, हेही सांगते. पाटलीच्या आतल्या बाजूला शिक्का आहे का, विचारलं. "आहे ना काकू, हे बघा," म्हणत दुकानातल्या मुलाने भिंग पुढे केलं. बारीक त्रिकोण दिसला, '22K916' म्हणजे बावीस कॅरेटचा आकडा दिसला, पुढे सहा अक्षर-आकडे दिसले. मी मान हलवली. दुसरी पाटली भिंगाखाली धरली नाही. जोडच तर आहे, त्यात वेगळं काय बघायचं?

ती धरली असती तर तिथेच कळलं असतं. दोन्ही पाटल्यांवर तेच सहा अक्षर-आकडे होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. १ जुलै २०२१ पासून हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी असतात: बीआयएसचा त्रिकोण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. हा एचयूआयडी प्रत्येक नगाचा वेगळा असतो, माणसाच्या आधार क्रमांकासारखा. जोडातल्या दोन पाटल्या म्हणजे दोन नग, दोन क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्क दागिना विकायलाच परवानगी नाही. आईच्या जुन्या बांगड्यांवर आहेत तसे चार शिक्के, म्हणजे त्रिकोण, शुद्धता, तपासणी केंद्राची खूण आणि सराफाची खूण, ही आधीची पद्धत. ते दागिने खोटे नव्हेत, पण आज नव्याने घेताना एचयूआयडी हवाच.

बिलाची गंमत पुढे. बिलावर वरती 'एस्टिमेट' असं छापलेलं होतं. "पक्कं करायचं तर जीएसटीचे तीन टक्के वाढतील काकू, तुमचं तुम्ही ठरवा." मी ठरवलं. तीन टक्के वाचवले. ही माझी चूक आहे आणि ती मी झाकत नाही, कारण पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न हाच आला. आणखी एक वाक्य तो बोलला, ते तेव्हा मला फार गोड वाटलं: "हॉलमार्कचे पैसे आम्ही लावत नाही, ती आमच्याकडून सेवा." हॉलमार्कचा खर्च सोन्याच्या एका नगाला पंचेचाळीस रुपये आणि वर कर, एवढाच. लाखांच्या खरेदीत एवढ्याची सूट म्हणजे भाजीवर कढीपत्ता फुकट. पण तो खर्च बिलावर वेगळा दाखवावा लागतो, हा नियम आहे. ज्याने हॉलमार्क करूनच आणला नाही, तो दाखवणार काय?

सात महिने पाटल्या हातात होत्या. मुलाच्या फीसाठी सोनेतारण कर्ज घ्यायची वेळ आली, तेव्हा बँकेत गेले. तिथे सोनं पारखायला बसतात ते सराफ वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी पाटली काळ्या कसोटीवर घासली, पिवळी रेघ उमटली. शेजारी त्यांच्याकडच्या बावीस कॅरेटच्या कांडीची रेघ ओढली. दोन्हींवर आम्लाचा थेंब सोडला. एक रेघ राहिली, एक फिकट होत गेली. फिकट होणारी माझी. त्यांनी दुसऱ्या पाटलीचीही रेघ ओढली, तिचंही तेच झालं. मग चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "वहिनी, हे अठराच्या आसपास आहे. बिल आहे का?"

पर्समधून ते 'एस्टिमेट' काढताना मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की काय सांगू.

त्यांनीच मला मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲप घ्यायला लावलं. त्यात एचयूआयडी तपासायची सोय आहे. भिंगातून वाचून सहा खुणा टाकल्या. क्षणभर वाटलं, निघालं की! माहिती आली, हिरवं-बिरवं सगळं. सराफ म्हणाले, "वाचा नीट." वाचलं. दागिन्याचा प्रकार: अंगठी. सराफाचं नाव: दुसरंच, मी कधी न ऐकलेलं. म्हणजे कोणाच्या तरी खऱ्या अंगठीचा क्रमांक उचलून माझ्या दोन पाटल्यांवर कोरला होता. ॲपमध्ये क्रमांक सापडला म्हणजे दागिना खरा, असं समजून कितीजणी समाधानाने फोन बंद करत असतील! क्रमांक सापडणं पुरेसं नाही. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता हातातल्या वस्तूशी जुळायला हवी, सराफाचं नाव आणि तपासणी केंद्रही वाचून बघायला हवं.

मग कोल्हापूरच्या एका मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात गेले. कोणीही ग्राहक आपला दागिना तिथे तपासून घेऊ शकतो आणि चार नगांपर्यंतचं शुल्क दोनशे रुपये आहे, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. लाखाची वस्तू घेऊन त्याच आठवड्यात दोनशे रुपये खर्च केले असते तर? जाऊ दे. अहवालात शुद्धता आली ७५२. पाटलीवर कोरलेलं ९१६. हजारात एकशे चौसष्ट भाग कमी. तीस ग्रॅमला म्हणजे चार ग्रॅम ब्याण्णव सेंटिग्रॅम शुद्ध सोनं मला मिळालंच नाही, आणि मजुरी मात्र बावीस कॅरेटच्या भावावर टक्केवारीने दिली.

केंद्रातल्या बाईंनी मला जे समजावलं ते मी तिथेच वहीत लिहून घेतलं. माझा सगळा गोंधळ एकाच ठिकाणी होता. बीआयएसची नोंदणी मिळते ती सराफाला, आणि हॉलमार्क लागतो तो दागिन्याला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सराफ स्वतः हॉलमार्क करत नाही, तो करून आणतो. दागिना तपासणी केंद्रात जातो, तिथे कस बघितला जातो आणि लेझरने खूण तिथेच कोरली जाते. दुकानाच्या मागच्या खोलीत हॉलमार्क होऊच शकत नाही. आणि नोंदणी मिळते ती त्या एका जागेपुरती. एकाच मालकाची चार दुकानं असतील तर चार नोंदण्या. एकीचा कागद दुसरीच्या भिंतीवर चालत नाही.

हे ऐकल्यावर मला गल्ल्यामागची ती फ्रेम आठवली. इतकी उंचावर लावलेली की नुसती अशोकमुद्रेसारखी काहीतरी खूण आणि लाल शिक्का दिसावा. दुसऱ्या दिवशी दिरांना घेऊन गेले. ते उंच आहेत आणि त्यांना संकोच नावाची गोष्ट नाही. त्यांनी सरळ स्टूल ओढलं, वर चढले आणि मोठ्याने पत्ता वाचला. पत्ता दुसऱ्या गावचा होता. दुकानाचं नाव जवळपास तेच, एक अक्षर इकडे-तिकडे.

मालक आले. आधी म्हणाले, ते भावाचं दुकान, घर एकच. मग म्हणाले, पाटल्या आमच्या कशावरून? मग 'एस्टिमेट'कडे बघून हसले. शेवटी हुकमी पान टाकलं: "काकू, आमची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत आहे. आम्हाला हॉलमार्कची सक्तीच नाही."

घरी येऊन मी ते शोधलं. सूट खरी आहे. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, पुढे जिल्हे वाढत गेले. तेव्हापासून वर्षाला चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफांना त्यातून वगळलेलं आहे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंनाही सूट आहे, कुंदन-जडावालाही आहे. पण सक्ती नसणं म्हणजे खूण वापरायची मोकळीक नव्हे. नोंदणीच नसेल तर दारावरचा तो ताटाएवढा त्रिकोण कशाच्या बळावर लावला? आणि पाटल्यांवर कोरलेला शिक्का? बीआयएसची खूण परवानगीशिवाय वापरणं हा २०१६ च्या बीआयएस कायद्याने गुन्हा आहे, दुकान लहान असो की मोठं. स्वतःचा बचाव करताना माणसाने स्वतःविरुद्धच साक्ष दिली होती, पण ते मला तिथे उभ्या उभ्या सुचलं नाही. घरी भांडी घासताना सुचलं. नेहमीचंच.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. नोंदणीधारक सराफाने विकलेल्या हॉलमार्कच्या दागिन्यात कस कमी निघाला, तर ग्राहकाला तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि वर तपासणीचा खर्च मिळतो, असं बीआयएसच्या नियमांत आहे. म्हणजे खऱ्या नोंदणीच्या दुकानात फसले असते तर रस्ता आखलेला होता. माझ्या बाबतीत दुकानाची नोंदणी नाही, शिक्का खोटा आणि बिल कच्चं. मी त्या रस्त्यावर पोचलेच नव्हते. रस्त्याचं चित्र बघून आत शिरले होते.

तक्रारी सगळीकडे केल्या. 'बीआयएस केअर' ॲपमधूनच खोट्या हॉलमार्कची तक्रार केली. दार, फ्रेम, दोन्ही पाटल्यांचे शिक्के यांचे फोटो जोडले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, तिथे मराठीत बोलता येतं. फसवणुकीची पोलिसांत लेखी तक्रार दिली, पोच घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला; पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील म्हणाले, 'एस्टिमेट' कच्चं असलं तरी फाडू नका. मी पैसे यूपीआयने दिले होते, त्याच दुकानाच्या नावावर, त्याच तारखेला, त्याच रकमेचे. आज माझी बाजू उभी आहे ती त्या एका ओळीवर. रोख दिले असते तर हे लिहायलाही तोंड नव्हतं.

मधल्या काळात मालकांचा निरोप आला. सोन्याचे पैसे खरेदीच्या दिवशीच्या भावाने परत करतो, तक्रार मागे घ्या. घरात दोन तट पडले. यजमान म्हणाले घेऊन मोकळी हो, दीर म्हणाले स्टूल मी पुन्हा न्यायला तयार आहे. सोनं दरम्यान वाढलं होतं, म्हणजे त्या पैशात तेवढ्याच पाटल्या आल्या नसत्याच. मी नाही म्हटलं. बरोबर केलं की चूक, अजून ठरवू शकलेले नाही.

आता खरेदीला कोणी बरोबर बोलावलं की मी आधी फ्रेम खाली काढून मागते. पत्ता वाचते, नोंदणी क्रमांक ब्युरोच्या संकेतस्थळावर टाकून बघते. मग भिंग मागते. किमान दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवणं दुकानदाराला बंधनकारक आहे, तेव्हा मागायला लाजायचं कारण नाही. प्रत्येक नग वेगळा बघते, जोड असला तरी. पैसे देण्याआधी एचयूआयडी ॲपमध्ये. बिलावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचे पैसे वेगळे लिहिलेले नसतील तर ते लिहून मिळेपर्यंत खुर्चीवरून उठत नाही. नणंद म्हणते तुझ्याबरोबर सोनं घ्यायला दीड तास लागतो. लागतो.

गेल्या आठवड्यात त्या दुकानावरून रिक्षाने गेले. दारावरचा त्रिकोण खरवडून काढलाय. काचेवर गोंदाचा त्रिकोण मात्र तसाच आहे, धूळ बसून उलट जास्त ठळक दिसतो. आत दोघीजणी पाटल्या हातात घालून बघत होत्या.