क्यूएमू: तयार पॅकेज घ्यावे की सोर्समधून कंपाइल करावे?

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नियंत्रकांचे फर्मवेअर (उपकरणातच बसवलेले सॉफ्टवेअर) लिहिण्याचे माझे काम आहे, आणि सुट्टीच्या दिवशी गंगापूर रोड परिसरातील अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांना मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात मदत करतो. दोन्हीकडे क्यूएमू, म्हणजे आपल्या संगणकावर दुसऱ्या प्रकारचा संगणक सॉफ्टवेअरने उभा करणारा एम्युलेटर, लागतो आणि दोन्हीकडे प्रश्न तोच येतो: एप्टने (उबुंटू-डेबियन या लिनक्स सिस्टिममधील पॅकेज टाकण्याच्या आज्ञेने) मिळते ते पॅकेज टाकावे, की सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणून स्वतः कंपाइल करावे? मी दोन्ही मार्ग बराच काळ वापरले आहेत.

कंपाइल करण्याच्या बाजूचे कारण खरे आहे आणि ते आधी सांगितले पाहिजे. उबुंटू 22.04 मध्ये क्यूएमूची 6.2 ही आवृत्ती आहे आणि नेहमीच्या अपडेटने ती पुढे सरकत नाही; सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, नव्या सोयी येत नाहीत. एमआयटीच्या अभ्यासक्रमासाठी तयार झालेली, रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर आर्किटेक्चरवर चालणारी एक्सव्ही6 ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय आहे. तिची अलीकडची मेकफाइल (ती कशी बांधायची हे सांगणारी फाइल) क्यूएमूची आवृत्ती तपासते आणि ती 7.2 पेक्षा जुनी असेल तर पुढे जाण्यास नकार देते. त्यामुळे 22.04 असलेल्या लॅपटॉपवर विद्यार्थी पहिल्याच दिवशी अडतो आणि सोर्सकडे वळतो. त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

कंपाइल करणे अवघडही राहिलेले नाही. निन्जा हे बांधणीचे साधन, जीलिब आणि पिक्समन या लायब्रऱ्यांची डेव्हलपमेंट पॅकेजे, तसेच पायथनचे व्हेन्व्ह एवढे असले की मुख्य भाग बांधला जातो. टार्गेट-लिस्टमध्ये, म्हणजे कोणत्या आर्किटेक्चरसाठी बांधायचे त्या यादीत, केवळ रिस्क-फाइव्ह दिले तर काम कित्येक पटींनी हलके होते. ते न देता सगळी आर्किटेक्चर बांधायला घेतली, तर चार जीबी रॅमचा लॅपटॉप दुपारभर दुसऱ्या कोणत्याही कामाचा राहत नाही. मे महिन्यात मध्येच लाइट गेली तरी निन्जा आधी बांधून झालेल्या फायली पुन्हा बांधत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी गिट क्लोन करण्याऐवजी प्रकाशित आवृत्तीचा टारबॉल (एकत्र बांधलेली संकुचित फाइल) घ्यावा. तो शंभर एमबीहून मोठा असला तरी लागणारे उपप्रकल्प त्यातच असतात.

सोर्सच्या बाजूचे माझे मत फिरले ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. क्यूएमूचे कॉन्फिगर, म्हणजे बांधणीपूर्वी काय उपलब्ध आहे ते तपासणारी स्क्रिप्ट, एखादी ऐच्छिक लायब्ररी सापडली नाही तर थांबत नाही. ती सोय गुपचूप वगळून पुढे जाते. पूर्वी 'यूझर' प्रकारच्या नेटवर्कसाठी लागणारा स्लिर्प हा कोड क्यूएमूच्या सोर्ससोबतच येत असे. 7.2 या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर 2022 पासून, तो सोर्समधून काढला गेला आणि लिबस्लिर्पचे डेव्हलपमेंट पॅकेज वेगळे टाकावे लागते. ते नसेल तर कॉन्फिगरच्या शेवटी येणाऱ्या लांबलचक यादीत स्लिर्प सपोर्टपुढे 'नो' एवढेच दिसते. शेकडो ओळी सरकून गेल्यावर ती ओळ कोण वाचणार? कंपाइल निर्विघ्न पार पडते, एक्सव्ही6 बूट होते, आणि सुरुवातीच्या प्रयोगांना नेटवर्क लागतच नसल्याने सगळे उत्तम वाटते. नेटवर्क ड्रायव्हरच्या प्रयोगाला पोहोचल्यावर मात्र 'यूझर' हा नेटवर्क बॅकएंड या बायनरीत कंपाइल केलेला नाही, असा संदेश येतो. एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "सर, माझा ड्रायव्हर चुकतोय बहुतेक, दोन रात्री शोधतेय." तिचा कोड व्यवस्थित होता. खिडकी दाखवणाऱ्या जीटीके किंवा एसडीएल या लायब्रऱ्या नसतील तरी हेच घडते: खिडकी उघडत नाही, आणि टर्मिनलवर 5900 क्रमांकाच्या पोर्टवर व्हीएनसी सर्व्हर (पडदा दुसऱ्या प्रोग्रॅममधून पाहण्याची सोय) चालू असल्याची एक ओळ तेवढी उमटते.

शिकणाऱ्या माणसावर याचा होणारा परिणाम मला फार खटकतो. त्रुटी साधनात असते आणि संशय स्वतःच्या कोडवर जातो. पॅकेज बांधणाऱ्यांनी ही यादी डोळ्यांखालून घातलेली असते, म्हणून तयार पॅकेजमध्ये असला प्रकार माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. आवृत्ती जुनी असण्याखेरीज तिथली अडचण फार तर एवढीच, की रिस्क-फाइव्हचा एम्युलेटर उबुंटू 22.04 मध्ये 'मिस्क' नावाच्या पॅकेजमध्ये असतो आणि तो शोधावा लागतो.

म्हणून मला विचारणाऱ्याला मी आधी एवढेच सुचवतो की शक्य असेल तर क्यूएमू बदलण्याऐवजी खालची सिस्टिमच नवी घ्यावी. डेबियन 12 मध्ये 7.2 आहे, उबुंटू 24.04 मध्ये 8.2 आहे, आणि दोन्ही एक्सव्ही6 ला पुरतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेतील यंत्रांवर तसे करता येत नसेल, किंवा क्यूएमूच्याच कोडमध्ये नवे उपकरण जोडायचे असेल, तर सोर्सला पर्याय नाही हेही मान्य आहे. माझ्या कामात एका बोर्डासाठी मी आजही तेच करतो.

तसे करताना एप्टच्या बिल्ड-डेपवर (बांधणीला लागणारी पॅकेजे आपोआप टाकणाऱ्या आज्ञेवर) पूर्ण विसंबू नये, कारण तिची यादी रेपॉझिटरीतील जुन्या आवृत्तीसाठी केलेली असते. त्याऐवजी जी सोय हवी आहे ती कॉन्फिगरला स्पष्ट सांगावी: इनेबल-स्लिर्प आणि खिडकी हवी असल्यास इनेबल-जीटीके. असे सांगितले की लायब्ररी नसल्यास कॉन्फिगर तिथेच थांबते आणि काय कमी आहे ते नावानिशी सांगते. प्रीफिक्स, म्हणजे तयार क्यूएमू कुठे ठेवायचा तो पत्ता, आपल्या होम फोल्डरमधील एखाद्या वेगळ्या फोल्डरचा द्यावा, म्हणजे सिस्टिमच्या पॅकेजशी गल्लत होत नाही आणि नको झाल्यावर तो फोल्डर पुसला की काम संपते.