कलर मॅचचं बटण दाबून काम होतं का? रिझॉल्व्ह, प्रीमिअर आणि फायनल कट

लग्नाचं एडिटिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, डोकं सगळ्यात जास्त कशात जातं, तर शॉटचे रंग जुळवण्यात. एक कॅमेरा सोनीचा, दुसरा मित्राकडून आणलेला कॅनन, वर ड्रोन आणि नवरीच्या मावसभावाने मोबाइलवर काढलेले एंट्रीचे दोन शॉट, जे नेमके भारी आलेले असतात म्हणून टाकावेच लागतात. टाइमलाइनवर शेजारी शेजारी ठेवलं की एकात शालू लाल, दुसऱ्यात केशरी आणि तिसऱ्यात नवरदेवाचा चेहरा हिरवट. त्यात कुणी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असलेली कॅमेऱ्याची सेटिंग, ऑटोवर ठेवला असेल तर एकाच शॉटमध्ये रंग मध्येच पलटतो, मग तर विचारूच नका.

आता डाविंची रिझॉल्व्ह, अॅडोबी प्रीमिअर प्रो आणि फायनल कट प्रो या तिन्ही व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रंग आपोआप मॅच करायची सोय आहे, आणि यूट्यूबवर बघितलं तर वाटतं की झालं, एक क्लिक आणि काम खल्लास. तसं नाहीये. बटण तिघांचंही साधारण तेच करतं, संदर्भाच्या, म्हणजे ज्याच्याशी जुळवायचंय त्या फ्रेममध्ये उजेड किती, सावल्या किती, रंगाचा एकूण झुकाव कुठे ते बघतं आणि दुसऱ्या शॉटला तिकडे ओढतं. दोन्ही फ्रेममध्ये साधारण तेच दिसत असेल, म्हणजे तोच मंडप, तेच दोघं, फक्त अँगल वेगळा, तर तिघांचंही उत्तर बऱ्यापैकी येतं. पण फ्रेममधला मामलाच वेगळा असेल तर तिघंही गंडतात.

हळद घ्या. पिवळी साडी, पिवळे पडदे, झेंडूच्या माळा, तोंडाला हळद. आता याच्या शेजारी आजीचा क्लोजअप ठेवा, मागे पांढरी भिंत, आणि हळदीच्या वाइड शॉटशी मॅच करा. सॉफ्टवेअरला काय माहीत की ते पिवळं खरंच पिवळं आहे, त्याला वाटतं लाइटच पिवळा आहे आणि आजीला कावीळ होते. उलटं केलं, म्हणजे आजीला संदर्भ धरलं, तर हळदीतला पिवळाच मारून टाकतं. म्हणून माझ्या मते कुणाचं बटण हुशार हा प्रश्नच नाही, बटण चुकल्यावर हाताने दुरुस्त करायला कुठे सोपं जातं ते बघायचं.

प्रीमिअरपासून सुरू करू, कारण आपल्याकडे बरेच जण त्यावरच शिकलेत. लुमेट्री हे रंगाचं पॅनल 2015 पासून आहे, कंपॅरिझन व्ह्यू आणि मॅच 2018 मध्ये आलं. दोन फ्रेम शेजारी दिसतात, मध्ये उभी किंवा आडवी फाळणीही करता येते, फेस डिटेक्शनची टिक आहे, अप्लाय मॅच दाबायचं. मला यातली एक गोष्ट मनापासून आवडते, ते जे काही बदलतं ते कलर व्हील्स (रंगाची चाकं) आणि सॅच्युरेशनमध्येच (रंगाचा गडदपणा) बदलतं, त्यामुळे नेमकं काय केलंय ते समोर दिसतं आणि जास्त झालं तर चाक थोडं मागे आणता येतं. अडचण एवढीच की संदर्भाचा शॉट त्याच सिक्वेन्समध्ये, म्हणजे त्याच टाइमलाइनवर असावा लागतो, आणि मोठ्या प्रोजेक्टमध्ये एकेक क्लिप पकडून करत बसायचं म्हणजे वैताग. दोन मिनिटांचं टीझर असेल तर ठीक, आख्खी लग्नाची फिल्म असेल तर कंटाळा येतो. शिवाय दर महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं, सीझन नसला तरी.

फायनल कट फक्त अॅपलच्या मशीनवर, मॅकच्या आवृत्तीची किंमत 299.99 डॉलर एकदाच. मॅच कलर त्यात 2011 पासून आहे आणि वापरायला तिघांत सगळ्यात सोपं, दुसऱ्या क्लिपवर जाऊन हवी ती फ्रेम क्लिक करायची की झालं. पण आत काय केलं ते कळत नाही, कमी जास्त करायला स्लायडर नाही, पटलं तर ठेवा नाहीतर काढा. 2017 च्या शेवटी 10.4 मध्ये कलर व्हील्स आणि कर्व्ह आले तेव्हापासून हाताने करणं सुसह्य झालंय. ज्याला पटापट कापून त्याच आठवड्यात द्यायचंय आणि कॅमेरे एकाच कंपनीचे आहेत त्याने बिनधास्त वापरावं.

आता रिझॉल्व्ह. मुळात ग्रेडिंगसाठी, म्हणजे रंगकामासाठीच बनलेलं, एकेकाळी मोठमोठ्या स्टुडिओंनाच परवडायचं, 2009 मध्ये ब्लॅकमॅजिकने डाविंची कंपनी विकत घेतली आणि नंतर फुकटची आवृत्ती आली. फुकटातसुद्धा कलर पेजची बहुतेक टूल्स वापरता येतात, अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट होतं, स्टुडिओ आवृत्ती 295 डॉलरला एकदाच, त्यात नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करायची सोय) मिळतं जे रात्रीच्या वरातीच्या शॉटला लागतंच. इथे हव्या त्या क्लिप निवडून संदर्भाच्या थंबनेलवर राइट क्लिक, शॉट मॅच. याचंही आजीच्या बाबतीत तेच होतं, खोटं कशाला बोला. पण पुढचं काम इथे खरं मजेचं आहे, चांगल्या शॉटचं स्टिल काढून गॅलरीत ठेवायचं, दुसऱ्या शॉटवर वाइप लावून अर्धं अर्धं बघायचं, खाली परेड स्कोप या आलेखात दोन्हींचे लाल हिरवा निळा शेजारी दिसतात. डोळ्यावर विसंबायचंच नाही, रात्री दोन वाजता डोळे काहीही सांगतात. आधी उजेड जुळवा, मग व्हाइट बॅलन्स, मग सॅच्युरेशन, आणि शेवटी वेक्टरस्कोपवर (रंगाची दिशा दाखवणारा गोल आलेख) त्वचेच्या रंगाची रेघ आहे तिच्या आसपास चेहरे येतात का ते बघा. गोरा सावळा कसाही चेहरा असो, रंगाची दिशा त्या रेघेजवळच असते, फरक उजेडात आणि थोडा सॅच्युरेशनमध्ये. एवढं कळलं तरी अर्धं काम होतं.

दुसरं म्हणजे ग्रुप. सोनीचे सगळे शॉट एका ग्रुपमध्ये, ड्रोनचे दुसऱ्यात, प्रत्येक ग्रुपला एकदाच कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (एक रंगपद्धत दुसरीत बदलणारं टूल) लावून सगळ्यांना रेक 709 या नेहमीच्या स्क्रीनच्या रंगपद्धतीवर आणायचं. सोनीचं एसलॉग 3 आणि ड्रोनचं डीलॉग, म्हणजे फिकट दिसणारे आणि नंतर रंगवायचे लॉग फॉरमॅट, यांना सरळ एकमेकांशी मॅच करायला जाणं म्हणजे उगाच त्रास, आधी एका पातळीवर आणा, मग उरलेला फरक थोडाच असतो. लॉग 8 बिटमध्ये शूट केलं असेल तर मात्र जपून, एका चॅनेलला फक्त 256 पायऱ्या, जास्त ताणलं की आकाशात पट्टे दिसतात, 10 बिटला 1024 असतात.

तोटे आहेतच. नोड्स (एकमेकांना जोडलेले बदलांचे चौकोन) बघून पहिले काही दिवस डोकं फिरतं, लेयरची सवय असलेल्यांचं तर जास्तच. मशीनही तगडं लागतं, 16 जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड नसेल तर नादी लागू नका. कटिंग प्रीमिअरमध्येच करायची सवय असेल तर एक्सएमएल (कटिंगची माहिती असलेली फाइल) काढून फक्त रंगासाठी रिझॉल्व्हमध्ये आणता येतं, पण स्पीड बदललेले शॉट आणि इफेक्ट नीट आलेत का ते एकदा तपासा.

संगीतच्या डीजेचे निळे जांभळे एलईडी, ते मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला सुटत नाहीत. निळा चॅनेल जळालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन तपशील गेलेला असतो, चेहऱ्यावर लाल उरलेलाच नसतो तर आणणार कुठून. तिथे मॅच करायचा नादच सोडा, तसंच राहू द्या, पार्टी वाटते लोकांना.

रिझॉल्व्हमध्ये रंगांचं चौकटीचं कार्ड वाचायचं कलर मॅचही आहे, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठी शॉट मॅचपेक्षा ते कितीतरी भरवशाचं, कारण तिथे सॉफ्टवेअरला अंदाज करायचा नसतो, कुठला चौकोन कुठल्या रंगाचा ते त्याला माहीत असतं. प्रत्येक कॅमेऱ्यासमोर त्याच लाइटमध्ये कार्ड धरायचं. लाइटवाल्याने फोकस बदलला की परत धरावं लागतं, आणि मंगलाष्टकं सुरू झाल्यावर भटजी काही तुमच्या कार्डसाठी थांबणार नाहीत, त्यामुळे अंतरपाट धरायच्या आधीच उरकून घ्या.