हंगामाच्या सुरुवातीचे शिकारीचे कपडे: स्वस्तात काय घ्यावं?
सुरुवातीच्या हंगामात थंडीपेक्षा घाम जास्त छळतो. म्हणून स्वस्तातला कॅमो सेट (झाडीत मिसळणाऱ्या नक्षीचे शर्ट-पॅन्ट) घेताना आधी लेबलवरचा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, पाहा. शर्टाला १२० ते १५० पुरे; २०० च्या वर गेलात की चढणीवर पाठ भिजलीच म्हणून समजा. सुती कापड अंगाला मऊ लागतं, पण एकदा भिजलं की वाळता वाळत नाही आणि ऊन कलल्यावर गार पडतं. पॉलिएस्टर पटकन वाळतं, मात्र घामाचा वास धरून ठेवतं. मेरिनो लोकरीला वास कमी, पण ती महाग, शिवाय काट्यांत लवकर फाटते. बजेट तोकडं असेल तर आतला टी-शर्ट तेवढा मेरिनोचा, बाकी सगळं पॉलिएस्टर.

स्वस्त पॅन्टची खरी गोम आवाजात असते. कापड कानाजवळ धरून नखाने खरवडा: कडक नायलॉन खर्रकन वाजतं, ब्रश केलेलं, म्हणजे वर मऊ लव काढलेलं, कापड गप्प राहतं. मग ती घालून उकिडवं बसा. जांघेत जोडतुकडा नसेल तर शिवण तिथेच उसवते. खिशांना वेल्क्रो असेल तर तोही उघडताना वाजतो, पॅन्ट सरळ परत ठेवा, बटणं बरी.

धुताना सॉफ्टनर नको. त्याचा थर बसला की कापड घाम ओढत नाही. उजळपणा वाढवणारी पावडरही टाळा: तिच्यामुळे कपडे अतिनील प्रकाशात निळसर चमकतात, आणि हरणांना निळ्या व अतिनील छटा आपल्यापेक्षा जास्त दिसतात.